देवाच्या इच्छेआड लपू नका



मराठी ख्रिस्ती साहित्यिकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण आज मी भांडायला उभा आहे. हे भांडण श्रद्धेशी नाही. श्रद्धेच्या नावाखाली आपण एक पळवाट काढली आहे, तिच्याशी आहे. ‘देवाची इच्छा’ हे त्या पळवाटेचं नाव.

आपली तरुण मुलं एक प्रश्न विचारतात. देव सर्वज्ञ आहे. आदाम फळ खाणार, काईन सख्ख्या भावाचा जीव घेणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं. मग माणसाला स्वतंत्र इच्छा दिली कशाला? आणि दिली, तर शिक्षा कशाची? या मुलांना आपण काय उत्तर देतो? ‘असे प्रश्न विचारू नयेत, सैतान मनात शंका घालतो.’ मी इथून ठणकावून सांगतो, प्रश्न विचारणारं मूल देवाच्या जवळ आहे आणि त्याला गप्प करणारा मोठा माणूस दूर आहे. पुरावा पवित्र शास्त्रातच आहे. ईयोब देवाशी वाद घालत राहिला, त्याचे मित्र देवाची वकिली करत राहिले. शेवटी देवाचा राग कुणावर झाला? वकिली करणाऱ्यांवर. ईयोबच बरोबर बोलला, असा निवाडा खुद्द देवानं दिला.

म्हणून या प्रश्नाला सरळ भिडू या.

शास्त्राच्या पहिल्याच पानांवर सर्वज्ञ देव प्रश्न विचारताना दिसतो, याकडे आपलं लक्ष जात नाही. झाडांत लपलेल्या आदामाला तो हाक मारून विचारतो, कुठे आहेस. काईनाला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे. ज्याला सगळं माहीत आहे, त्यानं विचारावं कशाला? माहिती मिळवायला नक्कीच नाही. समोरच्याला बोलायला जागा मिळावी म्हणून. आदामानं त्या जागेत उभं राहून बायकोकडे बोट दाखवलं, काईनानं कानांवर हात ठेवले. दोघांनी जागेचा गैरवापर केला, तरी देवानं ती काढून घेतली नाही. शेकडो पानं उलटल्यावर लूकच्या शुभवर्तमानात तोच देव नासरेथच्या एका मुलीकडे दूत पाठवतो. ती प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि मग होकार देते. तारणाचा एवढा मोठा बेत एका खेड्यातल्या मुलीच्या होकारासाठी थांबतो! माणूस स्वतंत्र का, याचं माझं उत्तर इथे आहे. देवाला स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकायचा नव्हता. त्याला दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर हवं होतं. जो ‘नाही’ म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘हो’ला काडीची किंमत नसते.

यावर हुशार माणूस म्हणेल, पण देवाला माहीत होतं ना? माहीत असलेली गोष्ट टळणार कशी? या शंकेला पंधराशे वर्षांपूर्वी बोएथियस नावाच्या रोमी विद्वानानं उत्तर दिलं, तेही तुरुंगात, मृत्युदंडाची वाट पाहत असताना. त्याचं म्हणणं असं की देव काळाच्या आत बसून पुढचं भाकीत करत नाही, त्याच्यापुढे सगळा काळ एकदमच उभा असतो. आणि पाहणं म्हणजे घडवणं नव्हे. रस्त्यानं चालणारा माणूस मला दिसतो म्हणून तो चालत नसतो. तो चालतो, म्हणून दिसतो.

ज्यांना तत्त्वज्ञान जड वाटतं, त्यांनी ती एक रात्र आठवावी. पेत्र नाकारणार हे प्रभूला माहीत होतं, यहूदा धरून देणार हेही माहीत होतं. कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. हातून घडलं ते माझं नव्हतंच, असं त्याला वाटलं असतं, तर तो रडला कशाला असता? प्रभूला आधीच ठाऊक होतं, ही सबब त्याला सहज सांगता आली असती. त्यानं ती सांगितली नाही. म्हणूनच पुढे सरोवराच्या काठी त्याला पुन्हा विचारलं गेलं, आणि पुन्हा उत्तर देता आलं.

आता घरच्या भांडणाकडे वळतो. आपल्या मराठी मंडळ्यांचा पाया स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी घातला. त्यांच्या मागे कॅल्विनची शिकवण होती, १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेचे ठराव होते. कोण तरणार, हे देवानं जगाच्या आरंभापूर्वीच निवडलं, असा तो सिद्धांत. त्या माणसांनी आपल्याला शाळा दिल्या, छापखाने दिले. त्यांचे उपकार मी मानतो, हा सिद्धांत मानत नाही. मूळ सिद्धांत मांडणाऱ्यांनीही पापाचा कर्ता देव आहे असं म्हटलं नव्हतं. आपण त्याच्याही पुढे गेलो. मिशनऱ्यांची पूर्वनिवड आणि गावातलं जुनं ‘कपाळावरचं लिहिलेलं’ यांची आपण मोट बांधली आणि तिला ख्रिस्ती श्रद्धा असं नाव दिलं.

कॅथलिक बांधवांनीही निर्धास्त राहू नये. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. आदामाच्या निवडीची कथा मराठी ओवीत आली, आपल्या भाषेचा तो मोठा सन्मान. पण त्याच गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशनची कचेरी चालू होती, माणसानं काय मानावं हे तुरुंगाच्या धाकानं ठरवणारी. देवानं जे स्वातंत्र्य आदामाकडून काढून घेतलं नाही, ते देवाच्या सेवकांनी गोंयकाराकडून काढून घेतलं. याला मी देवद्रोह म्हणतो.

नास्तिक मित्रांचा आक्षेप आपल्या पळवाटेहून प्रामाणिक आहे. जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९५५ साली विचारलं, माणूस एखाद्या वेळी आपखुशीनं चांगलं निवडतो ना? मग दर वेळी आपखुशीनं चांगलंच निवडणारी माणसं सर्वशक्तिमान देवानं का घडवली नाहीत? माझं उत्तर असं. जो कधीच चुकणार नाही अशी तजवीज कर्त्यानं आधी करून ठेवली, त्याची निवड ही त्या कर्त्याचीच निवड. तिथे दुसरं कुणी उरतच नाही. पण हे उत्तर मी वादसभेत देईन. मूल गमावलेल्या आईच्या दारात उभं राहून स्वातंत्र्याची एवढी किंमत मोजावीच लागते, असं मी सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याला तिच्या घरात पाऊल टाकू देणार नाही.

शिवाय सगळंच दुःख माणसाच्या निवडीतून येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंप कुणाच्या पापानं झाला नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, हा प्रश्न प्रभूनं स्वतःच उपस्थित केला आणि नाही असं उत्तर दिलं. तरीही किल्लारी असो की लिस्बन, ढिगारा उपसून व्हायच्या आत शिक्षेची भाषा बोलणारे हजर असतात. लिस्बनला १७५५ साली सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना, भूकंप झाला होता. जमीन का हलते याचं उत्तर स्वातंत्र्याच्या युक्तिवादात नाही, आणि ते आहे असं मी भासवणार नाही. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद माणसांवर कोसळलं, हे आपल्या कक्षेतलं आहे. गरिबाला सुरक्षित घर मिळतं की नाही, हा आकाशातला निर्णय नसतो. तो तालुक्यात आणि मंत्रालयात होतो.

आणि आपल्या मंडळीत काय निर्णय होतात? नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकांकडे येते. तिला सांगतात, बाई, हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा. वधस्तंभ प्रभूनं स्वतः पत्करला होता. दुसऱ्याच्या पाठीवर लादला तर त्याला जुलूम म्हणतात. जातीचा जाच सोसवेना म्हणून आपले आजे-पणजे या धर्मात आले. त्यांचीच नातवंडं आज सोयरीक जमवताना मूळची जात विचारतात. हे सगळं कुणाच्या इच्छेनं चाललं आहे? देवाच्या नव्हे, आपल्या.

आपले पूर्वज असे नव्हते. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. विधवेचं दुःख हे तिचं नशीब, असं सगळा समाज म्हणत होता. ते नशीब माणसांनी रचलेलं आहे, हे दाखवत मराठी कादंबरी जन्माला आली. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. दैव पालटावं म्हणून त्या कुटुंबानं व्रतं केली, तीर्थं केली, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं. ते सगळं भोगलेल्या या बाईनं १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. तिथल्या धर्मभगिनींना तिनं पत्रांमधून बजावलं, की एका पुरोहितशाहीचं जोखड फेकून दुसरीचं मानेवर घ्यायला मी आलेली नाही. पुढे पुण्यात शारदासदन या तिच्या शाळेतल्या मुली तिच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, तेव्हाही तिची भूमिका हीच होती. मुलींवर सक्ती करणार नाही, आणि बसावंसं वाटलं तर मनाईही करणार नाही. बिशप आणि सनातनी दोघेही तिच्यावर नाराज झाले. स्वतंत्र इच्छा देवानं दिली आहे यावर खरा विश्वास असलेलं माणूस असंच वागतं.

लेखकांनो, आता तुमच्याशी बोलतो. आपल्या कथांमध्ये पापी माणूस आजारी पडतो, प्रार्थना करतो, बरा होतो आणि मंडळीत येऊन साक्ष देतो. त्याला कुठेही निवड करावी लागत नाही, कारण सगळं लेखकानं आधीच ठरवलेलं असतं. देवानं आदामाला जेवढं मोकळं सोडलं, तेवढंही आपण आपल्या पात्रांना सोडत नाही. उपदेशासाठी व्यासपीठं पुष्कळ आहेत. कथेत असा माणूस आणा जो चुकीचं निवडू शकतो, ज्याच्या निर्णयाचा घाव दुसऱ्याला बसतो आणि ज्याला कुठलीही सबब उरत नाही.

पाळकांना माझी विनंती आहे. कुणाच्याही अकाली मृत्यूवर, कुणाच्याही मारहाणीवर, कुणाच्याही उपासमारीवर ‘देवाची इच्छा’ हे शब्द यापुढे उच्चारू नका. त्या जागी, हे कुणी केलं, हे कुणाला थांबवता आलं असतं, असं विचारा. आणि लेखकांना माझं आव्हान आहे. ज्या मंडळीत जात पाहून माणूस जवळ केला जातो किंवा दूर लोटला जातो, ज्या घरात बाईचा वधस्तंभ नवरा घडवतो, त्याबद्दल आपल्याच नियतकालिकांत, स्वतःच्या नावानिशी लिहा. मासिकं बंद होतील, वर्गणीदार तुटतील, सभासदत्व जाईल, अशी भीती घातली जाईल. तरीही लिहा. स्वातंत्र्य देताना देवानं आपल्या नकाराचा धोका पत्करला. मंडळीच्या नाराजीचा धोका पत्करण्याइतकी हिंमत त्याच्या लेखकांनी दाखवलीच पाहिजे.