शाळेचे बातमीपत्र आणि श्रोत्यांचे अभिप्राय
(पालम येथील शिक्षक परिषदेतील भाषण)



विद्यार्थ्यांनी लिहिलेले व त्यांच्याच आवाजात मुद्रित केलेले बातमीपत्र भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचविणे आता खेड्यातील शाळेलाही अवघड राहिलेले नाही. त्यासाठी मुलांचे पुष्कळ श्रम होतात. शिक्षकांचे त्याहूनही अधिक. परंतु ते ऐकून श्रोत्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. विचारला, तर ‘कसे वाटले?’ असा विचारला जातो. आणि गुरुजींसमोर उभा असलेला पालक ‘छान आहे’ याखेरीज दुसरे काय सांगणार? असे शंभर अभिप्राय वहीत उतरविले, तरी पुढील अंकातील एक शब्दही त्यांच्या आधारे बदलता येत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातच घडलेला एक प्रयोग शिक्षकांनी ध्यानी घ्यावा असा आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी श्रोतेमंडळे चालविली. (परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे हा प्रयोग इकडे पोहोचला नाही.) आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपताच मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर चर्चा होई, तिचा वृत्तान्त पुण्यास धाडला जाई, आणि त्यातील शंकांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. श्रोतेमंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान इतर गावांपेक्षा पुष्कळच वाढल्याचे तीत दिसून आले. नुसता रेडिओ वाजणे आणि ऐकलेल्यावर बोलणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळते.

आता शाळेकडे वळू. समजा, पालम तालुक्यातील एखाद्या गावच्या मुलांनी बातमी दिली : ‘पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वतीने शनिवारी लाळ्या-खुरकूत प्रतिबंधक लसीकरण शिबिराचे आयोजन करण्यात येणार आहे.’ सायंकाळी मुलाने आजीला ‘आवडलं का?’ असे विचारू नये. ‘आजी, काय ऐकलंस ते सांग,’ असे म्हणावे. आजी म्हणेल, ‘दवाखान्यात कायतरी हाय म्हणं. कधी हाय ते नाही कळालं बाबा.’ हे शब्द जसेच्या तसे वहीत उतरले पाहिजेत. ‘आजीला समजले नाही’ अशी नोंद मुलाने केली, तर ती खोडून टाकावयास लावावी, कारण ती नोंद दोष आजीच्या माथी मारते. वास्तविक वाक्य सूचनापत्रातून उचललेले होते, आणि वार त्याच्या मध्यभागी हरवला होता. वर्गात चर्चा झाल्यावर मुले बहुधा स्वतःच लिहितील : ‘बैल, गाई, म्हशी यांना लस टोचणार आहेत. जनावरे घेऊन या. शनिवारी सकाळी. पुन्हा सांगतो, शनिवारी सकाळी.’ भाषेच्या तासाला याहून अधिक जिवंत पाठ क्वचितच मिळेल.

विचारावे कोणाला, हेही महत्त्वाचे आहे. ज्याच्या हाती भ्रमणध्वनी त्याचेच मत, असे होता कामा नये. भाकरी थापता थापता अर्धे ऐकणारी आई, ओसरीवरचे आजोबा, वस्तीवरील घर, यांची पाळी ठरवून घ्यावी. अक्षरओळख नसलेल्यांच्या गावात अभिप्रायपेटी टांगून काम झाले असे मानणे हा भाबडेपणा आहे. ऊसतोडीस गेलेल्या पालकांना फोनवरून विचारावे. गावची कोणती बातमी त्यांना हवी आहे, हे शाळेत बसून कळत नाही.

सर्व सूचना स्वीकारता येणार नाहीत. एक जण गाणी मागेल, दुसरा सोयाबीनचा भाव. निर्णय मुलांनी घ्यावा व त्याचे कारण त्याच वहीत लिहावे. मात्र एक गोष्ट टाळू नये. पुढच्या अंकाच्या आरंभीच सांगावे : ‘मागील वेळी वार कळला नाही, असे काही जणांनी सांगितले. म्हणून आता तो दोनदा सांगत आहोत.’ आपल्या बोलण्याने काही बदलले, हे कळल्यावर आजी पुढच्या वेळी विचारण्याची वाट पाहणार नाही. स्वतःच मुलाला हाक मारील.