गाठीतला आंबटपणा
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



रंगाईच्या कामात आयुष्य गेलेली बरीच मंडळी इथे बसली आहेत. पॉलिएस्टर रंगवताना ॲसेटिक ॲसिड घालून पाण्याचा पीएच ५ च्या आसपास ठेवावा लागतो, हे त्यांना आम्ही सांगायला नको. शरीराचेही असेच गणित असते. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास राहतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो ढळू देत नाहीत.

कर्करोगाच्या पेशींची तऱ्हा वेगळी. त्या साखर अधाशासारखी खातात आणि प्राणवायू असूनही ती अर्धवट जाळून लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकात दाखवले. अशा गाठीभोवती पीएच ६.७ पर्यंत उतरू शकतो. आकडा लहान, पण आम्लता पाचपट! त्यात शेजारच्या निरोगी पेशी मरतात, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे आत नीट शिरत नाहीत.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसते. पेशी वाढवायच्या लाल द्रावणात सूचक रंग असतो. ॲसिड साचले की ते पिवळे पडते. अशा ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभारली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी.

आता संशोधक पेशींचे ॲसिड फेकणारे पंप बंद करू पाहतात. आम्लतेतच उघडणारी औषधेही तपासतात.

इथेच आमची कळकळीची विनंती आहे. सोड्याचे पाणी पाजलेल्या उंदरांत रोगाचा फैलाव कमी झाला, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मूळ गाठ वाढतच राहिली. माणसाला तेवढा सोडा रोज झेपत नाही, आणि त्याने रोग बरा होतो हे सिद्ध झालेले नाही. ‘अल्कलाइन’ पाण्यानेही रक्ताचा पीएच बदलत नाही. तरी घरोघरी हे उपाय चालतात आणि तपासणी लांबते. पहिल्या टप्प्यातली गाठ त्या काही महिन्यांत पुढच्या टप्प्यात जाते.

तेव्हा तंबाखू, मावा सोडा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. घरातल्या बाईने दुखणे अंगावर काढू नये, हे पाहणे पुरुषांचेही काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!