आधी पाहू, मग बोलू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जानेवारी महिना आला की ऑस्करच्या नामांकनांची यादी वर्तमानपत्रांत झळकते आणि दोन-चार दिवस सगळीकडे एकच चर्चा चालते. आपला चित्रपट यादीत आहे का? नसेल, तर का नाही? कोणी म्हणतं, त्या लोकांना आपली गाणी कळत नाहीत. कोणी म्हणतं, त्यांना आपली गरिबीच बघायची असते. कोणी म्हणतं, आपण पाठवतानाच भलता चित्रपट पाठवतो. या मतांत थोडंफार तथ्य असेलही. पण बोलणाऱ्याला विचारावं, की ज्या पाच चित्रपटांना नामांकन मिळालं, त्यांतला एखादा तरी तुम्ही पाहिला का? तर उत्तर बहुधा नकारार्थी येतं. आपण पाठवलेला तरी पाहिला का? तिथंही पुष्कळदा मौनच.

मी काही चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. रायगड जिल्ह्यात अष्टमीला राहतो. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर आमची अष्टमी, आणि नगरपालिका दोघांची मिळून एक. स्पॅनिश किंवा हंगेरियन चित्रपट आमच्याकडे थिएटरात लागेल, अशी आशा कोणी धरत नाही. म्हणून आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो आणि असे चित्रपट पाहतो. पूर्वी डीव्हीडी आणायचो, आता इंटरनेटवर मिळतात. आमच्यात दोन-तीन वडीलधारी मंडळी आहेत, त्यांना पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचणं जमत नाही. मग आमच्यातल्या एक शिक्षिकाबाई ती वाचून लगोलग मराठीत सांगतात. मध्येच चित्रपट थांबवावा लागतो, चहा होतो, वाद होतो. पण पाहणं होतं.

मत मांडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रवेशिका वेगळी आणि नामांकन वेगळं. या विभागासाठी प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. तिकडे गेल्यावर त्या सगळ्यांतून आता आधी १५ आणि मग ५ निवडले जातात. त्या पाचांना नामांकन म्हणायचं. भारताला या विभागात आजवर तीनच नामांकनं मिळाली: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. मराठी चित्रपटही तीनदाच पाठवले गेले. २००४ मध्ये ‘श्वास’, २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळालं नाही. त्या त्या वर्षी ज्यांना मिळालं, त्यांतले काही चित्रपट आम्ही मुद्दाम शोधून पाहिले. त्यावरून जे वाटलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा चित्रपट. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यानंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला तो ‘श्वास’मुळे. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतो. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. अरुण नलावडे यांचा आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ऑस्करसाठी अमेरिकेत प्रचार करायला पैसे लागतात, म्हणून महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली, शाळांनीही हातभार लावला. एखाद्या चित्रपटासाठी असं क्वचितच घडतं.

त्या वर्षी पुरस्कार मिळाला स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला. समुद्रात सूर मारताना मान मोडून पंचवीसहून अधिक वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि कायद्याकडे तो मागतो आहे मरणाचा हक्क. हाविएर बार्देम या नटाने नुसत्या चेहऱ्यावर तो चित्रपट पेलला आहे. पण आमच्या बैठकीत सगळ्यांना अधिक भिडला तो नामांकन मिळूनही हरलेला दक्षिण आफ्रिकेचा ‘यस्टरडे’. झुलू भाषेतला चित्रपट. यस्टरडे हे त्यातल्या बाईचं नाव. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला, बाई मुलीला घेऊन खेड्यात. तिला एड्स झाल्याचं कळतं. दवाखाना कित्येक तासांच्या चालीवर. तिथे पोहोचावं तर रांग संपलेली, पुढच्या मंगळवारी या. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या त्या बाईची एकच जिद्द असते, मुलगी शाळेत जाईपर्यंत जगायचं.

आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला चाकरीत असायचा. मनीऑर्डरची वाट पाहणारी बाई आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. एक काकू म्हणाल्या, “ही तर आपलीच.” म्हणजे खेडं, आजार, लहान मूल, परकी भाषा, यांतलं काहीच नामांकनाच्या आड आलं नव्हतं. ‘श्वास’ आणि ‘यस्टरडे’ शेजारी शेजारी ठेवले, तर मला फरक एवढाच दिसतो, की ‘श्वास’ आपल्याला कधी वाईट वाटायला हवं हे अधूनमधून सांगतो. ‘यस्टरडे’ ते सांगत नाही. ती बाई चालत राहते आणि कॅमेरा लांबून बघत राहतो. पण शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा मुलाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेऊन शहर दाखवतो, तो भाग ‘यस्टरडे’तल्या कुठल्याही दृश्याइतकाच मोलाचा आहे. डोळे जाण्याआधी डोळे भरून बघून घे, हे त्याला तोंडाने सांगावं लागत नाही. त्या वर्षी मला मत असतं, तर मी ते ‘यस्टरडे’ला दिलं असतं. पण पाचांत ‘श्वास’ शोभला असता.

दुसरा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांचा हा पहिलाच चित्रपट. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणतात आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ तयार करतात, त्याची ही गोष्ट. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई पडद्यावर आल्या की खोलीतली माणसं हसायला लागतात. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके साडी नेसून उभे राहिले, हा तर इतिहासच आहे. घरातलं सामान विकलं जातंय, दागिने जातायत, आणि तरी घरात रडारड नाही. हा हलकेपणा काहींना खटकतो. एवढा मोठा त्याग असा हसतखेळत दाखवावा का, असं ते विचारतात. मला वाटतं, ज्या घराने एका वेडापायी सगळं पणाला लावलं, त्या घरात आनंद असलाच पाहिजे. त्याशिवाय बायको आणि मुलं इतकी राबतील कशी?

त्या वर्षी जिंकला अर्जेंटिनाचा ‘द सीक्रेट इन देअर आइज’. न्यायालयातला एक निवृत्त कर्मचारी पंचवीस वर्षांपूर्वीच्या खुनाचं प्रकरण पुन्हा उकरतो. खुनी सापडला होता, पण सत्तेतल्या लोकांना तो उपयोगाचा होता म्हणून सुटला. फुटबॉलच्या खचाखच भरलेल्या मैदानावर आकाशातून उतरणारा कॅमेरा आरोपीच्या मागे धावतो, ते दृश्य पाहताना आमच्या शिक्षिकाबाई वाचायचं विसरल्या आणि कोणी तक्रारही केली नाही. हा चित्रपट जिंकला ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. रहस्यकथा, प्रेमकथा आणि एका देशाची जखम, तिन्ही एकाच धाग्यात ओवली आहेत. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ त्याच्यापुढे छोटी वाटते. पण पुन्हा पाहायची म्हटली, तर मी तीच लावीन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तिसरा ‘कोर्ट’. याविषयी बोलताना मी थोडा सावकाश बोलणार आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, मग राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईत गटारात उतरलेल्या एका सफाई कामगाराचा मृत्यू होतो. पोलीस म्हणतात, ही आत्महत्या आहे, आणि नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे ती घडली. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. २०२१ मध्ये ते आपल्यातून गेले. खटला चालतो, तारखा पडत राहतात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकीलबाई जुने कायदे घडाघडा वाचते आणि लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. यात कोणीही दुष्ट नाही. सगळी आपल्यासारखीच माणसं आहेत, आणि एक म्हातारा शाहीर तुरुंगात आहे.

मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. ती सांगते, गटारात उतरण्यापूर्वी तो दगड टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मग उतरायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. आमच्या बैठकीत एक गृहस्थ आहेत, त्यांनी सगळी नोकरी मोठ्या शहरात सफाईच्या कामात काढली. एरवी ते चित्रपटभर काही ना काही बोलत असतात. या दृश्यानंतर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे ज्याने लिहिलंय, त्याने आम्हाला विचारून लिहिलंय.” मला वाटतं, ‘कोर्ट’ला मिळालेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हे वाक्य मोठं आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू आला तर कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. माणसं उतरणं मात्र अजून थांबलेलं नाही.

त्या वर्षी पुरस्कार गेला हंगेरीच्या ‘सन ऑफ सॉल’ला. नाझींच्या छळछावणीत प्रेतं वाहून नेण्याची सक्ती झालेला एक कैदी. एका मुलाला रीतसर मूठमाती देण्यासाठी त्याची धडपड चालते. कॅमेरा त्याच्या मानेला चिकटून फिरतो, आजूबाजूचा नरक अंधुक दिसतो, ऐकू मात्र येतो. ‘कोर्ट’चा कॅमेरा याच्या अगदी उलट. तो लांब उभा राहतो आणि हलत नाही, एखाद्या बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा. नामांकन मिळालेला डेन्मार्कचा ‘अ वॉर’ही आम्ही पाहिला. त्याचा उत्तरार्ध न्यायालयातच घडतो. अफगाणिस्तानात निरपराध माणसं मेली, याला सेनाधिकारी जबाबदार का, असा सवाल आहे. चांगला चित्रपट आहे. तरी इथे मी स्पष्ट बोलतो. ‘अ वॉर’ला ती जागा मिळाली आणि ‘कोर्ट’ला मिळाली नाही, हे मला पटलेलं नाही. ‘अ वॉर’मध्ये एक माणूस कठीण निर्णयाखाली दबतो आणि आपण त्याच्या बाजूने विचार करतो. ‘कोर्ट’ आपल्याला कोणाच्याही बाजूला सुखाने बसू देत नाही. शेवटी न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवले जातात. मग सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात. मुलं त्यांना ओरडून जागं करतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. एवढ्यावर चित्रपट संपतो. आमच्याकडे एकाने विचारलं, “संपला?” दुसरे म्हणाले, “खटला कुठे संपलाय?”

आता थोडं आपल्याविषयी. ऑस्करच्या अकादमीने २०२५ मध्ये एक नियम जाहीर केला. अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. वाचून मला आधी हसूच आलं. म्हणजे तोवर न पाहताही मत देता येत होतं! पण मग मनात आलं, की आपण तरी काय वेगळं करतो? आपला अभिमानही न पाहता असतो आणि आपला रागही न पाहता. ‘कोर्ट’मधला शाहीर आत गेला तो त्याच्या एका गाण्यापायी. त्या गाण्याविषयी न्यायालयात किती माणसं बोलतात, आणि ते गाणं नीट ऐकून घेण्याची गरज त्यांतल्या किती जणांना वाटते, हे चित्रपट पाहताना जरूर मोजा.

पुरस्काराने चित्रपट मोठा होत नाही, हे वाक्य आपण फार वेळा ऐकलं आहे. मी ते म्हणणार नाही. पुरस्कार मिळाला नसता, तर ‘श्वास’ माझ्यापर्यंत पोहोचला नसता, आणि नामांकनाची यादी छापली गेली नसती, तर झुलू भाषेतली ती बाई अष्टमीच्या एका खोलीत आली नसती. यादीचा उपयोग एवढा आणि एवढाच. ती आपल्याला पत्ता देते. तिथवर जायचं आपणच.

यंदाची यादी हाती आली, की त्यातला एक चित्रपट निवडा आणि त्याच्याबरोबर आपण पाठवलेला एक. घरात कोणाला खालची अक्षरं वाचता येत नसतील, तर तुम्ही वाचून सांगा. वेळ लागेल, चित्रपट थांबवावा लागेल, कोणी मध्येच आपली कथा सांगत बसेल. ते सांगू द्या. मग जे मत होईल ते तुमचं स्वतःचं असेल, आणि ते माझ्यापेक्षा वेगळं निघालं तर मला ऐकायला आवडेल.