वंशागत रातांधळेपणा आणि दृष्टिपेशींचा मृत्यू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव जड आहे. विषय मात्र घरातलाच आहे. दिवेलागण होताच उंबऱ्याला अडखळणारा, ताटाशेजारचे भांडे हाताने चाचपणारा मुलगा एखाद्या कुळात असतो आणि विवाहाची बोलणी निघाली की त्याचा हा दोष झाकला जातो. नागपूरनजीकच्या खेड्यांतील तिशीपुढील लोकांच्या नेत्रतपासणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७५० माणसांमागे एकास हा विकार आढळला. एरवी जगात हे प्रमाण ४००० मागे एक असे मानतात.

अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे रातांधळे निराळे. ते वेळीच उपचार केल्यास बरे होते. मी बोलतो आहे तो रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लक्ष शंकुपेशी असतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात पाहतात. वाचन आणि रंग ही शंकुपेशींची कामे. या विकारात बहुधा दंडपेशी प्रथम मरतात.

त्या मरतात कशा? वाटा अनेक आहेत. दंडपेशीत प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन ३४८ घटकांची माळ असते. तिच्यातील तेविसावा घटक काही रुग्णांत बदललेला असतो, हे अमेरिकेत थॅडियस ड्रायजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखविले. जनुकाच्या लेखनातील एका अक्षराचा हा फरक! शुद्धलेखनाच्या एका चुकीला मी अर्धा गुण कापीत असे; येथे प्रथिनाची घडीच बिघडते, ते पेशीत अडकून पडते आणि पेशी त्या भाराने खचते. दुसऱ्या काही कुळांत दोष सफाईत असतो. दंडपेशीचे टोक म्हणजे चकत्यांची चवड. ती सुमारे दहा दिवसांत संपूर्ण नवी होते आणि जुन्या चकत्या पाठीमागचा थर गिळून टाकतो. हे गिळणे थांबले की केर साचतो. आणखी काहींत पेशीतील संदेशवाहक द्रव्य मोडणारे विकर निकामी असते. मग पेशीची द्वारे उघडीच राहतात, कॅल्शियम आत लोटते आणि पेशी मरते.

मला खरी हळहळ वाटते ती शंकुपेशींची. ऱ्होडॉप्सिनशी त्यांचा संबंध नाही, तरी दंडपेशींमागून त्याही जातात. दंडपेशी एक प्रथिन स्रवतात व त्यावर शंकुपेशी तग धरतात, हे फ्रान्समधील लेव्हेयार, साहेल आदी संशोधकांनी २००४ साली दाखविले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत शंकुपेशींची उपासमार होत असल्याची लक्षणे दिसली. शिवाय प्राणवायूचा मोठा वाटा खाणाऱ्या दंडपेशी गेल्या की तो अतिरिक्त उरतो आणि मागे राहिलेल्यांना जाळतो. आळीतली घरे ओस पडू लागली म्हणजे उरलेल्या एकट्या घराचे जे होते, तेच हे.

आता नात्यागोत्याविषयी. या विकाराचे काही प्रकार आईवडिलांपैकी एकाकडूनच येतात, काही आईकडून बहुधा मुलग्यांत उतरतात. आणि काहींत दोघांकडून एकेक सदोष जनुक यावे लागते. या शेवटच्या प्रकारात आईवडिलांची दृष्टी निर्दोष असते, तरी प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक. आतेमामे भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा जनुके समाईक असतात. म्हणून मामाची मुलगी करण्याच्या आपल्या चालीत असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो. यात सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

आरपीई६५ नावाच्या जनुकातील दोषावर निर्दोष प्रत डोळ्यात पोहोचविणाऱ्या उपचारास अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तो फार महाग आहे आणि त्या एकाच जनुकापुरता आहे. शिवाय पेशी जिवंत असतील तरच त्याचा उपयोग. मेलेल्या पेशी तो परत आणीत नाही. लपविण्यात वर्षे जातात आणि त्या वर्षांत पेशी जातात. आपल्या कुलवृत्तांतात कोणाची कन्या कोणास दिली हे पाच पिढ्यांचे लिहिलेले असते. तिन्हीसांजेला कोणास दिसत नसे, हे मात्र नसते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते प्रत्येकाने आपल्यापुरते टिपून ठेवावे आणि मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे नेताना तो कागद सोबत न्यावा. आईवडील परस्परांचे नातलग आहेत काय, हे तेथे प्रथमच विचारतात.