कपाट उघडलं की…

कल्याण-ठाणे परिसराला वाचनाची जुनी परंपरा आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. पण अशा वाचनालयांना उद्याचे सभासद मिळतात ते शाळेतल्या ग्रंथपालामुळे.

ग्रंथपालाच्या वाटेवर सगळेच ठरवून येतात असं नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा हे काम त्यांना चक्क कंटाळवाणं वाटलं होतं! लंडनमध्ये शिकून आल्यावर मात्र ते त्यात असे रमले, की १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन अशी: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक.

शाळेत ही सूत्रं राबवायची, तर आधी कपाटाचं कुलूप निघायला हवं. मग गोष्ट वाचून दाखवताना चित्रं मुलांच्या बाजूला करून पुस्तक धरायचं, ऐन रंगात आल्यावर थांबायचं आणि विचारायचं, "आता काय होईल?" पुस्तकात चिकटवलेली तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली, की समजावं, पुस्तक मुलांना आवडलंय. चिठ्ठी कोरी असेल, तर पुढच्या तासाला तेच वाचून दाखवावं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर ग्रंथालयाच्या तासाचीही चौकशी जरूर करा.