‘मोटार गेली’ म्हणण्याआधी



वरून कपडे टाकायचं, दोन टबांचं वॉशिंग मशीन आता बऱ्याच घरांत आलंय. काही गटांनी त्यावर धुलाईचा धंदाही सुरू केलाय. या मशीनचं एक नेहमीचं दुखणं आहे. बटण फिरवलं की आतून ‘हूं’ असा आवाज येतो, पण पाणी हलत नाही, कपडे जागच्या जागी. असं झालं की मशीन लगेच बंद करा. मोटार न फिरता वीज ओढत राहिली, तर तिच्यातली तार तापते आणि मग खरोखरच जळते.

आता क्रमाने बघायचं. आधी घरातला पंखा बघा. शेतातले पंप सुरू असताना आपल्याकडे व्होल्टेज पडतं. पंखा रेंगाळत असेल तर दोष मशीनचा नाही, व्होल्टेज सुधारेपर्यंत थांबा.

पंखा नीट असेल तर प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर हवा. टबातले कपडे आणि पाणी काढा. तळाची चकती हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. अडकली, तर खाली नाणं, पिन किंवा दोरा गेलेला असतो. मधला स्क्रू काढला की चकती निघते.

चकती मोकळी फिरली, तर मशीनची मागची झाकणी काढा. हात आणि जमीन कोरडी हवी. पट्टा तुटलाय का, सैल झालाय का, बघा. पट्टा ठीक असेल तर संशय कपॅसिटरवर. आपले वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात. दोन-तीन वायरी लावलेली ती छोटी डबी.

ती करते काय? जातं आठवा. खुंटा एकाच रेषेत ओढत राहिलं तर जातं अडतं. समोरची बाई आडवा जोर देते, तेव्हा ते गोल फिरतं. मोटारीला तो आडवा जोर कपॅसिटर देतो. तो कमजोर झाला की मोटार नुसती गुणगुणते.

सावध राहा, प्लग काढल्यावरही या डबीत वीज साठून राहू शकते. तिच्या टोकांना हात लावू नका. वायरमन जुना पिवळा, तारेचा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याच्या दोन वायरी डबीच्या टोकांना टेकवतो, की साठलेली वीज उतरते. एलईडी बल्ब इथे चालत नाही. ही सवय नसेल तर एवढं काम वायरमनकडूनच करून घ्या. वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

डबी दुकानात नेऊन मीटरवर मोजायला सांगा. डबीवर १० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर ६ दाखवतो, तर ती संपली. साडेनऊ-दहा दाखवत असेल, तर ती चांगली आहे, दोष पुढे मोटारीत. नवी घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नको. काही डब्यांवर दोन आकडे असतात, एक धुण्याच्या मोटारीचा, एक पिळण्याच्या. दोन्ही जुळले पाहिजेत.

आमच्याकडचा एक गट मंगल कार्यालयाच्या चादरी धुतो. ऐन लग्नसराईत मशीन अडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, मोटार गेली, नवी टाका. गटातल्या एका ताईंनी विचारलं, “दादा, आधी कंडेन्सर मोजून दाखवता का?” मोजला, तर तोच गेलेला. मोटारीच्या खर्चासमोर कंडेन्सरची किंमत किरकोळ असते. मशीन त्याच दिवशी चालू झालं आणि घेतलेल्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या नाहीत.

मशीन वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नका, कंपनीलाच बोलवा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर मशीन चालवू नका. आणि काहीही बदललं, तरी जुना भाग परत मागा, बिल घ्या, डबीवरचा आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी विचारायला तोच कामी येतो.