वाहनातील फेरफार आणि ‘पासिंग’



कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेले उंब्रज हे पुणे-बंगळूर महामार्गावरील गाव होय. मालमोटारी, एस.टी. गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, शाळेची वाहने आणि मुंबई-पुण्याच्या मोटारी यांची येथे अहोरात्र वर्दळ असते. अशा गावी ‘पासिंग’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. तथापि पासिंग म्हणजे कसाबसा उरकावयाचा सरकारी सोपस्कार, ही जी समजूत रूढ झाली आहे, ती घातक आहे.

पासिंगच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक मूलतः दोन प्रश्नांची उत्तरे शोधतो. नोंदणी पुस्तकात वर्णिलेले वाहन ते हेच काय? आणि इतरांच्या जिवास धोका न पोहोचविता ते रस्त्यावर चालेल काय? म्हणूनच चॅसी व इंजिनाचे क्रमांक ताडून पाहिले जातात. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, आरसे आणि धूर तपासला जातो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी वाढविता येते. प्रवासी व मालवाहू वाहनांना पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

या दोन प्रश्नांचे महत्त्व परदेशातून आणलेल्या मोटारीच्या उदाहरणाने विशेष स्पष्ट होते. वापरलेली मोटार आयात करावयाची तर ती ३ वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा, अशा अटी आहेत. त्या निव्वळ कागदी नव्हेत. अमेरिकेत आणि युरोपातील बहुतेक देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेथील मोटारीच्या दिव्याचा खालचा झोत उजव्या कडेला लांबवर पडतो. तीच मोटार आपल्याकडे आणली की तो झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. वेगमापकावरील ६० चा आकडा मैलांचा असेल, तर प्रत्यक्ष वेग ताशी ९६ किलोमीटरांहून अधिक असतो. डावीकडे बसलेल्या चालकास पुढच्या मालमोटारीपलीकडचे पाहण्यासाठी आपली गाडी जवळजवळ पूर्णच बाहेर काढावी लागते.

मोटार देशी असो वा परदेशी, तिचा नमुना बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत कसोटीस उतरलेला असावा लागतो. पुढे कोणी तिची उंची वाढवितो, रुंद टायर चढवितो, सायलेन्सर बदलतो किंवा पुढे लोखंडी क्रॅशगार्ड ठोकतो. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर गाडी कलंडण्याचा संभव वाढतो. क्रॅशगार्डमुळे पादचाऱ्यास होणारी इजा अधिक गंभीर होते. याच कारणास्तव केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले. फेरफार झालेल्या वाहनाला मूळच्या कसोटीचा आधार उरत नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे.

याबाबतचे एक बोलके उदाहरण शेजारच्याच सांगली जिल्ह्यातील आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील एका कारागिराने जुन्या, टाकाऊ भागांतून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी गाडी तयार केली. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कारागिराचे कौतुक केले; परंतु ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला मज्जाव होईल, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबास मिळाली. ग्रामीण प्रतिभेचा आदर आणि रस्त्याचा नियम या दोहोंचा मान येथे राखला गेला. मात्र प्रत्येक कारागिराला असा दाता भेटत नाही. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वीच नियम पाहणे हिताचे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या सुधारणेनुसार बेकायदेशीर फेरफारास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तरीही कायद्याने सारी दारे बंद केलेली नाहीत. मान्यताप्राप्त सी.एन.जी. किंवा विद्युत संच बसविणे, दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेणे, यांस विहित अटींवर मुभा आहे. त्यासाठी कराड, सातारा किंवा सांगली यांपैकी आपल्या परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी, अधिकृत केंद्रातूनच काम करून घ्यावे, बदलाची नोंद पुस्तकात करवून घ्यावी आणि विमा कंपनीसही कळवावे. पासिंगच्या आदल्या दिवशी मूळचे भाग चढवून दुसऱ्या दिवशी ते उतरविणारा निरीक्षकाला फसवीत नाही. तो आपल्याच घरच्या माणसांचा जीव टांगणीला लावतो.

या कामी ग्रामपंचायतींचा व शिक्षकांचा वाटा मोठा आहे. शाळेत मुले आणणाऱ्या प्रत्येक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र मुख्याध्यापकांनी मागून पाहावे. त्यात जादा बाके तर बसविलेली नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. ग्रामपंचायतींनी गावातील गॅरेजचालकांची परिवहन अधिकाऱ्यांशी गाठ घालून द्यावी. कोणता बदल चालतो आणि कोणता चालत नाही, हे मिस्त्रीलाच नेमके कळले तर निम्मे काम होईल. नोंदणी पुस्तक आणि गाडी यांत तफावत पडू न देणे हे वाहनमालकाचे कर्तव्य आहे. ते त्याने पाळले, तर महामार्गाच्या कडेने शाळेत जाणारे मूल सायंकाळी सुखरूप घरी परतेल.